वामनदादांचे गाणे गावोगाव आहे. गाणे शिकवणारा कुठे आहे?

चौदा एप्रिल जवळ आला की बोदवड, मुक्ताईनगर, भुसावळ, जामनेर या पट्ट्यातील वस्त्यावस्त्यांतून एकच शोधाशोध सुरू होते. गायन पार्टी कुठली आणायची? गायक सापडतो. मोबाइलवर ऐकून पाठ केलेली दहा-पंधरा भीमगीते गाणारी मुले-मुली आज प्रत्येक गावात आहेत. पण पेटीवर बोटे फिरवणारा सापडत नाही. ढोलकीवर हात बसलेला माणूस सापडला तर त्याची तारीख चार गावांनी आधीच धरलेली असते. मागे झील धरणारे तीन-चार पक्के गळे तर आता दुर्मीळच झाले. मग मंडळाचे कार्यकर्ते कंटाळून डीजेवाल्याला इसार देऊन मोकळे होतात आणि मिरवणुकीत बाबासाहेबांचे नाव घेणारे गाणे वाजते, पण गाणारा माणूस दिसत नाही.

याचा दोष मंडळांच्या पोरांवर ढकलून मोकळे होणारे बरेच आहेत. आमचे मत वेगळे आहे. आंबेडकरी गाण्याला गायकांची कमतरता कधी नव्हती आणि आजही नाही. कमतरता आहे ती गायकाला गाणे शिकवणाऱ्याची, साथीदाराला साथ शिकवणाऱ्याची आणि त्या शिकवणाऱ्यांच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या वडीलधाऱ्याची. ही जागा एका माणसाने सुमारे साठ वर्षे एकट्याने भरून काढली होती. त्यांचे नाव लोककवी वामनदादा कर्डक. त्यांचे गाणे आपण गातो, त्यांच्या फोटोला हार घालतो, पण गाणाऱ्यांचा गुरू म्हणून त्यांनी काय केले याचा विचार फारसा होत नाही. म्हणून आज त्यांच्या आयुष्याकडे त्या बाजूने पाहावे असे आम्हास वाटते.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव. वडिलांचे नाव तबाजी, आईचे नाव सईबाई. घरात दारिद्र्य, गावात महारवाड्याची रीत, आणि शाळेचा तर संबंधच नाही. गुरे राखणे, मोलमजुरी करणे यात बालपण गेले. पोटासाठी मुंबई गाठली तेव्हा त्यांना अक्षर ओळखता येत नव्हते. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहून गिरणीत राबणे, कोळसा वाहणे, चिक्की आणि आइसफ्रूट विकणे अशी हाताला लागतील ती कामे त्यांनी केली. त्याच काळात ते समता सैनिक दलात आले. तिथे ते मुलांना लेझीम शिकवीत. म्हणजे वामनदादा कवी होण्याआधी शिक्षक झाले होते, आणि तेही लिहिता-वाचता न येणारे शिक्षक. ताल शिकवायला अक्षर लागत नाही, हे त्यांना लेझमीने शिकवले असावे.

अक्षराची कथा आंबेडकरी घराघरात माहीत आहे. चाळीतल्या एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि दादांना ते वाचता येईना. तरुण, धडधाकट, दलात मुलांना शिकवणारा माणूस, आणि हातातले पत्र मुके! ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडे जाऊन त्यांनी बाराखडी गिरवली आणि मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते मुंबईतून फिरू लागले. पाट्यांवरची अक्षरे जोडता जोडता जोडाक्षरे आली, जोडाक्षरांमागून वाचन आले, वाचनामागून लेखन आले. देहलवी मास्तरांनी मोठे काही केले नाही. रोजचा थोडा वेळ दिला आणि मोठ्या माणसाला लहान मुलासारखे शिकताना हसले नाहीत. पण तेवढ्या वेळाने महाराष्ट्राला वामनदादा दिला. मार्गदर्शन म्हणजे काय याची याहून सोपी व्याख्या आम्हास ठाऊक नाही.

१९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. ते विडंबन होते, सिनेमाच्या चालीवर बेतलेले आणि लोकांना हसवणारे. लोक हसले, टाळ्या पडल्या आणि शब्दांत काय ताकद असते ते त्यांना कळले. सिनेमात काम मिळावे म्हणून स्टुडिओच्या दारात उभे राहण्याचेही दिवस त्यांनी काढले. पण मुंबईतल्या सभांतून बाबासाहेबांना पाहिल्या-ऐकल्यावर त्यांच्या गाण्याने दिशा बदलली ती कायमची. घरात सुख फार लाभले नाही. पहिला संसार मोडला. मीरा नावाची मुलगी लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंची साथ मिळाली. पण ज्याचे स्वतःचे मूल जगले नाही त्या माणसाने गावोगावच्या गाणाऱ्या पोरांना पोटच्या मुलांसारखे वाढवले.

वामनदादा एकाएकी आकाशातून पडले नाहीत हेही ध्यानात घेतले पाहिजे. सत्यशोधक जलशांनी बहुजन समाजाला गाण्यातून विचार ऐकण्याची सवय लावली होती. त्याच वाटेने पुढे आंबेडकरी जलसे निघाले. नाशिककडचेच भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातले देवाचे स्तवन आणि शृंगार काढून टाकला आणि तिथे महाडचे पाणी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, शिक्षणाची हाक आणली. जलसा ही एकट्याची कला नव्हती. सोंगाड्या, गाणारा, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी असा सारा ताफा त्यात असे आणि नवा पोरगा त्या ताफ्यात मागे उभा राहून आधी झील धरायला शिकत असे, मग एखादे कडवे, मग अख्खे गाणे. जलसा हीच शाळा होती. तिला इमारत नव्हती इतकेच.

१९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मक्रांती झाली आणि अवघ्या सात-आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. बावीस प्रतिज्ञा, बुद्धाचा धम्म, संविधानाचे हक्क हे सारे निरक्षर आईबापांपर्यंत पोहोचवायचे कसे? पुस्तके होती, पण वाचणारे थोडे होते. वर्तमानपत्रे होती, पण ती खेड्यापर्यंत जात नव्हती. तेव्हा हे काम गायन पार्ट्यांनी केले. जलशाची जागा हळूहळू पेटी-ढोलकीच्या पार्टीने आणि कव्वालीच्या धर्तीवरच्या मुकाबल्यांनी घेतली. वामनदादा आणि श्रावण यशवंते यांचे मुकाबले ऐकायला माणसे मैलोन्‌मैल चालत येत. रात्रभर सवाल-जवाब रंगत आणि पहाटे माणूस घरी जाई तो इतिहासाचा, धम्माचा आणि राजकारणाचा पाठ घेऊन.

मुकाबल्यात श्रेय गायकाला मिळते. पण जाणकाराला विचारा, मुकाबला कोण जिंकून देतो? समोरच्याने सवाल टाकला की गायकाला जवाब जुळवायला क्षणभर उसंत हवी असते. ती उसंत ढोलकीवाला देतो. तो ठेका सोडत नाही, एखादी तिहाई घेतो आणि श्रोत्यांना खिळवून ठेवतो. पेटीवाल्याला गायकाची पट्टी ठाऊक असावी लागते. पुरुष गायक काळी एकला गाणार आणि त्याच्या मागोमाग बाई गायला बसली की काळी चार-पाचला जावे लागणार. हा बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करता आला नाही तर चांगला गळाही चिरकतो. झीलकऱ्याला कुठे ओळ उचलायची आणि कुठे गप्प बसायचे हे कळावे लागते. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते शेजारी बसून, चुकून, डोळे वटारलेले सोसून मिळते. म्हणून साथीदाराची घडण हा गायकाच्या घडणीइतकाच मोठा प्रश्न आहे, आणि त्याकडे तर कोणाचेच लक्ष नाही.

वामनदादांनी कधी शाळा काढली नाही, फी घेतली नाही, प्रमाणपत्र दिले नाही. त्यांनी काय केले? ते फिरले. नाशिक, खान्देश, मराठवाडा, विदर्भ असा त्यांचा सारा प्रदेश होता. एसटीने जायचे, वस्तीत कार्यकर्त्याच्या घरी उतरायचे, तिथली चटणी-भाकर खायची, आणि रात्री गायचे. ज्या गावात गाणारा असेल तिथे त्याला गीत लिहून द्यायचे. त्यांनी रचलेल्या गीतांची संख्या दहा हजारांच्या घरात असावी असे सांगितले जाते. त्यातली कितीतरी गीते त्यांच्या स्वतःच्या वहीत कधीच नव्हती. ती गायकांच्या वह्यांत होती. शेवटच्या कडव्यात वामन ही नाममुद्रा असे, म्हणून ती ओळखू येत. वाटचाल हा संग्रह १९७३ साली, मोहळ १९७६ साली, हे गीत वामनाचे १९७७ साली आणि माझ्या जीवनाचं गाणं हे आत्मकथन १९९६ साली आले. पण छापलेले वामनदादा हे एकूण वामनदादांच्या मानाने थोडेच आहेत.

गाणे देऊन टाकणे हीच त्यांची शिकवण्याची पद्धत होती, असे आम्ही मानतो. विचार करून पाहा. ज्या काळात घराण्यांचे उस्ताद आपली चीज नातलगांपासूनही झाकून ठेवीत, त्या काळात एक कवी आपले ताजे गीत दुसऱ्याच्या गळ्यात घालून पुढच्या गावाला निघून जातो. ज्याला गीत मिळाले त्या पोराला दोन गोष्टी मिळतात. एक, गावात मान. दुसरी, जबाबदारी. आता हे गाणे बिघडवता येत नाही, कारण ते दादांचे आहे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या मोठ्या गळ्यांच्या काळात वामनदादांनी खेड्यातल्या साध्या गळ्यालाही तोलामोलाचे गीत दिले. अनेक शाहीर आणि गायक आज स्वतःला त्यांचे शिष्य म्हणवतात ते उगीच नाही.

आपल्या खान्देशाला तर याचा पुरावा दूर शोधायला नको. बोदवडच्या शेजारच्या मुक्ताईनगरच्या मातीतले प्रतापसिंग बोदडे हे वामनदादांचेच शिष्य. गुरूकडून त्यांनी शब्दांची नेमकी फेक घेतली, पण गुरूची नक्कल केली नाही. छत्रपती शिवराय आणि बाबासाहेब यांना एकाच गीतात, कोकणच्या भूमीवर उभे करणारे त्यांचे गाणे महाराष्ट्रभर गाजले. ते इतके लोकांचे झाले की त्याचा कवी आपल्या जळगाव जिल्ह्यातला आहे हे गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीत नसते. सिन्नरच्या देशवंडीहून निघालेला झरा तापी-पूर्णेच्या काठी येऊन असा वाहता झाला. हा गुरू-शिष्याचा धागा कोणत्याही सरकारी योजनेने जोडला नव्हता.

१९९३ साली वर्धा येथे भरलेल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना मिळाले. ज्याने दुकानाच्या पाट्यांवर अक्षरे गिरवली तो माणूस साहित्याच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला. पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १९९४ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या लढ्याची सोळा वर्षे ज्या गाण्यांनी जागती ठेवली त्यांत वामनदादांचा वाटा मोठा होता. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. २०१० साली विठ्ठल उमप दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच कोसळले. एकेक वड उन्मळून पडला. त्यांच्या पारंब्या मात्र जमिनीत रुजल्या की हवेतच लोंबत राहिल्या, हे आपण नीट पाहिले नाही.

आता थोडे दुसरीकडे पाहू. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचा धार्मिक आशय आमच्या विचाराचा नाही, पण त्यांची दूरदृष्टी मान्य केली पाहिजे. त्यांनी गाणारे घडवण्यावर समाधान मानले नाही, गाणे शिकवणारे घडवले. हे शिकवणारे शिष्य देशभर पसरले. गुरूच्या निधनानंतर १९३१ साली शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले, परीक्षा बांधल्या, प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत पायऱ्या केल्या. म्हणून आज तालुक्याच्या गावातही शास्त्रीय संगीताचा क्लास दिसतो. आमच्या गाण्याला अशी एकही पायरी नाही. वामनदादांचे गीत उत्तम गाणाऱ्या मुलीला पुढे कोणाकडे जायचे हे सांगणारा माणूस तालुक्यात नाही. आणि जो चार पोरांना विहारात पेटी शिकवतो, त्याला स्वतःला अडले तर त्याने कोणाला विचारायचे?

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती आचार्य अत्र्यांच्या हाती लागली आणि महाराष्ट्राला कळली. शेजारी टिपणारा माणूस नसता तर बहिणाबाई शेतातच राहिल्या असत्या. वामनदादांच्या चाली आज कोण टिपतो आहे? शब्द छापता येतात. चाल, ठेका, कुठे श्वास घ्यायचा, कुठे झील उचलायची, हे सारे म्हाताऱ्या साथीदारांच्या बोटांत आणि कानांत आहे. तो साथीदार गेला की ते सारे त्याच्याबरोबर जाते.

सरकार काय करते? ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते. त्या मानधन योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि २०२४ पासून दरमहा पाच हजार रुपये मिळतात. ते मिळाले पाहिजेत आणि वेळेवर मिळाले पाहिजेत. परंतु तो म्हातारपणाचा आधार झाला, शिकवण्याची सोय नव्हे. केंद्र सरकारच्या विभागीय सांस्कृतिक केंद्रांची गुरु-शिष्य परंपरा नावाची योजना मात्र आमच्या लोकांनी नीट वाचली पाहिजे. आपल्यासाठी असे केंद्र नागपूरला आहे. या योजनेत गुरूला दरमहा साडेसात हजार, साथीदाराला पावणेचार हजार आणि शिष्याला दीड हजार रुपये अशी तरतूद ठरवली गेली, मुदत सहा महिने ते एक वर्ष. रक्कम तुटपुंजी आहे आणि साथीदाराला गुरूच्या निम्मेच का, हाही प्रश्न आहे. पण शिकवण्यात साथीदाराचा वेगळा हिस्सा असतो हे तिथे कागदावर तरी मान्य झाले आहे. आंबेडकरी गायन पार्टी ही लोककला आहे, तिचा गुरू हा गुरू आहे, तिचा ढोलकीवाला हा मानधनाचा हक्कदार आहे, असे अर्ज खान्देशातून किती जातात?

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर पटसंख्या असलेल्या शाळेला कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. कायद्यात कला आहे, पण खेड्यातल्या किती शाळांत पेटी आहे? आमच्या मुलांना गाणे ऐकायला मिळते ते विहारात आणि मिरवणुकीत. तेव्हा शाळेची वाट पाहण्यात अर्थ नाही. विहारच शाळा केले पाहिजे.

यासाठी फार पैसा लागतो असे नाही. बोदवडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातला एक रविवार ठरवावा. परिसरातले जुने गायक, पेटीवाले, ढोलकीवाले यांना सन्मानाने बोलवावे, त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी द्यावी. कारण हा माणूस कापूस वेचायला किंवा बांधकामावर गेला असता तर त्याचा रोज बुडाला नसता, आणि फुकटच्या सत्काराने चूल पेटत नाही. त्यांच्यासमोर गावोगाव शिकवणाऱ्या तरुणांनी आपल्या अडचणी मांडाव्यात. एकाने गावे, दुसऱ्याने साथ करावी आणि जुन्याने चूक सांगावी. मुलींना पेटी आणि ढोलकीवर बसवावे. गाणाऱ्या मुली पुष्कळ झाल्या. पण वाजवणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि समतेची गाणी गाणाऱ्यांनी वाद्यांच्या बाबतीत विषमता पाळणे शोभत नाही. जुन्या वह्या आणून त्यांच्या नकला कराव्यात आणि म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या चाली मोबाइलवर तरी नोंदवून ठेवाव्यात. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा या कामासाठी बाजूला काढायचा असे प्रत्येक मंडळाने ठरवले, तर वर्षभराचा खर्च निघून वर पैसे उरतील.

काही विद्वान म्हणतील, आता गाण्याचे दिवस गेले, आता पोरांना स्पर्धा परीक्षा आणि संगणक शिकवा. ते जरूर शिकवावे. परंतु ज्या समाजाला शाळेची वाट दाखवली ती गाण्याने, आईच्या कडेवर बसून ऐकलेल्या गाण्याने, त्या समाजाने गाणे विकत आणलेल्या भोंग्याच्या हवाली करावे काय? भोंगा जवाब देत नाही. भोंग्याला सवाल विचारता येत नाही. गाणारा माणूस समोर असतो तेव्हा त्याला थांबवून विचारता येते, आणि विचारणारा समाज हेच तर बाबासाहेबांचे स्वप्न होते.

दादांची जन्मशताब्दी २०२२ साली झाली. पुतळे, पुरस्कार, नामकरण या मागण्या होत राहतील आणि त्या योग्यही आहेत. पण देहलवी मास्तरांनी एका मजुराला थोडा वेळ दिला आणि त्या मजुराने पुढे हजारो गळ्यांना गाणे दिले, ही साखळी आपल्या तालुक्यात आज कुठे तुटली आहे ते शोधणे अधिक गरजेचे आहे. आपल्या वस्तीत एखादा थकलेला पेटीवाला असेल, त्याची पेटी कोनाड्यात धूळ खात असेल, भाता फाटला असेल. तो भाता आधी दुरुस्त करून घ्या. मग त्याच्यासमोर दोन मुले आणि दोन मुली बसवा. पुढचे तो सांगेल.

जयभीम.